मिरची निर्दोष आहे

तलवाडा गावात कुणाच्या पोटात जळजळ झाली की निदान घरच्या घरीच होतं : ‘तिखट कमी कर.’ मग दोन दिवस येसर बंद, मेडिकलातून ॲसिडिटीची गोळी, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा ठेचा-भाकरी. मिरची उगाच बदनाम. जठराला किंवा त्याच्या पुढच्या आतड्याला जखम होते, म्हणजे अल्सर होतो, त्यामागचे मुख्य आरोपी दोन : अंगदुखीच्या गोळ्या आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. ऊस तोडून कंबर धरलेल्या माणसाच्या हाती पहिला आरोपी सहज लागतो. दुसरा बहुतेकदा लहानपणीच पोटात शिरलेला असतो. घरातल्यांच्या तोंडातून किंवा घाण पाण्यातून.

पर्थच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना हा जंतू १९८२ मध्ये प्रयोगशाळेत वाढवता आला, तोही ईस्टरच्या सुट्टीत बशा जास्त दिवस तशाच राहिल्या म्हणून. लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी जंतू कालवलेलं पाणीच पिऊन टाकलं आणि जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. ही गोष्ट सगळेच सांगतात. मला नवल वाटतं ते निराळंच. शरीराला हा जंतू दिसतो, त्याच्याविरुद्ध रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, तरी औषध घेतलं नाही तर तो बहुधा जन्मभर मुक्काम कसा ठोकतो?

त्याची निम्मी करामत अंगावरच्या प्रथिनांत आहे. आपल्या जठराच्या अस्तरावर रक्तगटाशी नातं असलेल्या साखरेच्या साखळ्या असतात. ‘बॅब-ए’ हे प्रथिन त्यांना घट्ट धरतं. दक्षिण अमेरिकेतले मूळ रहिवासी जवळजवळ सगळे ‘ओ’ गटाचे. तिथल्या बऱ्याच जंतूंचं बॅब-ए फक्त ‘ओ’चीच साखळी धरतं! पकडही डोळे झाकून नाही. अस्तराच्या पेशी सतत झडतात आणि आम्लात पडतात. आम्ल वाढलं की पकड सुटते, जंतू पोहत मागे येतो, आणि आम्ल कमी झालं की पुन्हा चिकटतो.

बॅब-एला ओळखणारी प्रतिपिंडं तयार झाली तरी जंतूकडे तोड असते. तो ते प्रथिन बनवणं थांबवू शकतो, किंवा ‘बॅब-बी’ या जुळ्या जनुकाचा तुकडा उचलून त्यात बदल करू शकतो. माकडांना मुद्दाम लागण केली, तेव्हा काही आठवड्यांतच बॅब-ए नसलेले जंतू सापडले. शेपटीचंही तसंच. इतर अनेक जंतूंच्या शेपटीतलं फ्लॅजेलिन आपल्या पेशींवरचा ‘टीएलआर-५’ हा पहारेकरी लगेच ओळखतो. याच्या फ्लॅजेलिनची घडण अशी बदललेली की पहारेकरी जागचा हलत नाही. वर अंगावर आपल्याच पेशींसारख्या साखरा मिरवतो. मेंढरांत मेंढराचं कातडं पांघरून बसलेला लांडगाच.

तरी शरीर स्वस्थ बसत नाही. काही जंतू सुईसारख्या यंत्रातून ‘कॅग-ए’ प्रथिन थेट आपल्या पेशीत टोचतात, तेव्हा पेशी हाकाटी करतात आणि पांढऱ्या पेशी धावून येतात. दुसरीकडे ‘व्हॅक-ए’ हे विष टी-पेशींची वाढ रोखतं. लढाई सुरू राहते, निकाल लागत नाही, आणि तुडवलं जातं ते आपलंच अस्तर. बहुतेकांना आयुष्यभर त्रास जाणवत नाही. काहींना मात्र अल्सर होतो, थोड्यांना कर्करोग. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने याला पहिल्या गटातला कर्ककारक ठरवलं.

सोबत तशी जुनीच आहे. आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ या माणसाच्या पोटातही हा जंतू निघाला, आणि त्याचं कुळ आज मध्य व दक्षिण आशियात, म्हणजे आपल्याकडे, आढळणाऱ्या जंतूंशी जुळलं.

आता कामाचं. औषधाने जंतू गेला तरी रक्तातली प्रतिपिंडं कित्येक महिने रेंगाळतात. म्हणून ‘गेला का?’ हे रक्त तपासून कळत नाही. श्वासाची किंवा शौचाची तपासणी लागते. प्रतिजैविकांचा डोस बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका. आणि शौच डांबरासारखं काळं झालं, तर मिरचीला बोल लावत बसू नका. त्याच दिवशी गेवराईचा दवाखाना गाठा, नाहीतर बीडचा.