उजनीचा गाळ काय सांगतो?

उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं, तेव्हापासून सोलापूरकरांनी त्याला एकच प्रश्न विचारला आहे: पाणी किती? आजही पावसाळा लागला की चहाच्या टपरीवर पहिली चौकशी 'उजनी प्लसमध्ये आली का?' हीच असते. पाणी कसं आहे, हा प्रश्न फार उशिरा पुढे आला. पाण्याखाली साचलेला गाळ कसा आहे आणि त्या गाळावर वाढलेला मासा कसा आहे, हे विचारायला मात्र आपण अजून पुरती सुरुवातही केलेली नाही.

खरं तर या धरणाची रचनाच हा प्रश्न विचारायला लावणारी आहे. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा. म्हणजे अर्ध्याहून जास्त पाणी नेहमीच्या वापराच्या पातळीखाली पडून राहतं; साठा त्यावर गेला की धरण 'प्लसमध्ये'. भीमेबरोबर आलेली बारीक माती तिथं निवांत बसते. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, पारा यांसारखे धातू पाण्यात मोकळे फिरत राहण्यापेक्षा याच बारीक मातीला आणि कुजलेल्या पाल्यापाचोळ्याला चिकटतात. मैला कालांतराने कुजून संपतो. धातू कुजत नाही.

मग हा धातू येतो कुठून? एमआयडीसीची स्थापना १९६२ची. त्यानंतरच्या दोन दशकांत पिंपरी-चिंचवडचा परिसर वाहन उद्योगाचं केंद्र बनला. १९७०ची नगरपालिका १९८२मध्ये महानगरपालिका झाली. पुढे कुरकुंभ, रांजणगाव, चाकण इथल्या वसाहती उभ्या राहिल्या. मोठ्या कारखान्यांच्या आधाराने सुटे भाग बनवणारी आणि त्यांवर मुलामा चढवणारी असंख्य छोटी युनिट्स आली. क्रोमियम, निकेल, जस्त ही त्यांची रोजची सामग्री. मुलाम्याच्या पाण्यातलं विषारी क्रोमियम आधी कमी घातक रूपात आणून चुन्याने खाली बसवावं लागतं. ही पायरी गाळली की ते पाणी नाल्यातून पवनेत किंवा इंद्रायणीत जातं. पवना दापोडीला मुळेत मिळते, इंद्रायणी तुळापूरला भीमेत. मुळा-मुठाही पुढे भीमेलाच येऊन मिळते. या सगळ्या नद्यांचा शेवटचा मुक्काम उजनी.

कायदे नव्हते असं नाही. राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून आहे, जलप्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९७४चा. धरण बांधून होण्याआधीच दोन्ही हजर होते. पण पुढच्या काळात चर्चा राहिली ती मैलापाण्याची. २०१६मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेसाठी जपानी कर्जातून ९९० कोटींची, ११ मैलाशुद्धीकरण केंद्रांची योजना मंजूर झाली. तीही वर्षानुवर्षं रेंगाळली. शिवाय अशी केंद्रं जिवाणूंच्या मदतीने सेंद्रिय घाण कमी करतात. धातू नाहीसे करणं हे त्यांचं काम नव्हे. जो धातू अडतो तो केंद्राच्या गाळात जातो, उरलेला नदीत. २०१८मध्ये केंद्रीय मंडळाने देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे मोजले. त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रात निघाले आणि भीमा त्या यादीत होती.

या काळात उजनीत मासेमारी वाढत गेली. भिगवण आणि इंदापूरचे मासळी बाजार नावारूपाला आले. कटला, रोहू, मरळ यांच्याबरोबर चिलापीने जलाशय व्यापला. चिलापी शेवाळ खाते, तळाजवळचा कुजका थरही खाते. म्हणजे गाळ आणि ताट यांच्यात फार पायऱ्या उरत नाहीत. माशात शिसं आणि कॅडमियम मुख्यत्वे कल्ले, यकृत, मूत्रपिंड, हाडं यांत साठतं. पारा मात्र थेट मांसात उतरतो, आणि तो धुऊन किंवा शिजवून जात नाही.

गाळ अडतो तो फक्त धरणातच नव्हे. ठाण्याच्या खाडीत कांदळवनाची मुळं तो धरून ठेवतात, उजनीत तेच काम धरणाची भिंत करते. खाडीतल्या तिसऱ्या आणि कालवं पाणी गाळून जगतात आणि आपण ती पोटासकट खातो, म्हणून धातूंचा धोका त्यांच्यात जास्त. जपानमधल्या मिनामाताला १९५६मध्ये जो आजार उघड झाला, तो कारखान्याच्या पाऱ्याने आणि खाडीतल्या मासे-शिंपल्यांनी घरोघर पोचवला होता. सरकारने कारण मान्य करायला १९६८ उजाडलं. उजनीचं मिनामाता झालं आहे असं कुणी म्हणू नये, तसा पुरावा नाही. पण तिथं बारा वर्षं कशी गेली, हे लक्षात ठेवावं.

सोलापूरला १९९८ पासून थेट जलवाहिनीने उजनीचं पाणी मिळतं. २०२४च्या उन्हाळ्यात साठा उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेला, म्हणजे मृतसाठ्यातलंच पाणी वापरात होतं. पाणी आटतं, तळ ढवळतो, तळाशी प्राणवायू संपतो, तेव्हा गाळातले काही धातू पुन्हा पाण्यात सुटू शकतात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे शिसं ०.०१ आणि कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं भारतीय मानक सांगतं. टंचाईत टँकर मोजले जातात, तसे हे आकडेही रोज समोर यायला हवेत. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे. धरणाचा गाळ शेतात टाकणं चांगलंच, पण शहरांखालच्या धरणाचा गाळ तपासूनच टाकावा.

तपासणीतही सावधपणा हवा. दख्खनच्या काळ्या खडकात क्रोमियम, निकेल, तांबं मुळातच आहे. त्यामुळे एखादा आकडा मोठा दिसला म्हणून तो कारखान्याचाच ठरत नाही. गाळाचा उभा नमुना काढून खालची जुनी माती आणि वरचा नवा थर यांची तुलना केली, तर पंचेचाळीस वर्षांत नेमकी किती भर पडली हे कळेल. अमेरिकेत १९८६ पासून किनाऱ्यावरच्या शिंपल्यांत धातू मोजून पाण्यावर लक्ष ठेवलं जातं. गोड्या पाण्यातले शिंपले भीमेच्या खोऱ्यातही आहेत. त्यांच्याकडून हेच काम करून घेता येईल.

उजनीचा मासा खाऊ नका, असं सांगण्याची ही वेळ नाही. हजारो कुटुंबांची चूल त्यावर पेटते, आणि नुसत्या संशयाने बाजार मोडला तर पहिला मार मासेमारी करणाऱ्या भोयांना बसेल, मुलामा चढवणाऱ्यांना नव्हे. म्हणूनच प्रदूषण मंडळ, मत्स्यव्यवसाय विभाग आणि सोलापूर महापालिका यांनी मिळून दरवर्षी गाळ, मासे आणि शिंपले तपासावेत आणि निकाल मराठीत, भिगवण-इंदापूरच्या बाजारात लावावेत. पाणी किती, याचा हिशेब आपण रोज ठेवतो. गाळात काय, याचा हिशेब वर्षातून एकदा तरी मागायलाच हवा.