खापराचे वय

मुलांनो, शेतात किंवा नदीकाठी मातीच्या फुटक्या भांड्यांचे तुकडे तुम्ही पाहिलेच असतील. मराठीत त्यांना खापर म्हणतात, उर्दूत आपण ठीकरी म्हणतो.

असे एखादे खापर हातात घ्या. आतल्या बाजूला बारीक, समांतर रेषा दिसल्या तर भांडे चाकावर घडवलेले असते. आता टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर ते चांगले भाजलेले समजावे. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले. तेथे तांबड्या रंगावर काळी नक्षी असलेली, अशीच खणखणीत भांडी निघाली. गावावरून त्यांना 'जोर्वे भांडी' हे नाव पडले. पुढे पुणे जिल्ह्यात इनामगावलाही ती सापडली.

पण त्यांचे वय कसे कळले? ज्या थरात खापर निघते, त्याच थरातला कोळसा किंवा जळलेले धान्य प्रयोगशाळेत तपासतात. त्यावरून ही भांडी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची ठरली.

एकदा एका विद्यार्थ्याने मला एक खापर आणून दिले. साधेच होते, नक्षी नव्हती. मी विचारले, "कुठून काढलेस?" त्याला जागाच आठवेना. मग मी तरी त्याचे वय काय सांगणार?