प्रवाळांचा हट्ट आणि दहा वॅटचा दिवा

मूल दहा-अकरा वर्षांचे झाले की एक दिवस “आई, आपल्याकडे फिशटँक हवा” हे वाक्य बहुतेक घरांत ऐकू येतेच. आपल्या लहानपणी काचेच्या बरणीतल्या दोन गप्पींवर भागत होते. आताच्या मुलांचे तसे नाही. २००३ सालच्या ‘फाइंडिंग निमो’ सिनेमातला नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा त्यांच्या ओळखीचा असतो आणि निळ्याशार उजेडात डोलणारी रंगीत प्रवाळे त्यांनी मोबाइलवर पाहिलेली असतात. त्यांना तसाच समुद्र दिवाणखान्यात हवा असतो.

आमच्या चिरंजिवांनीही परीक्षेआधीच माझ्याकडून वचन घेतले होते. निकाल चांगला लागला, आता वचन पाळायला हवे. रसायनीहून मुंबई गाठायची म्हणजे अख्खा रविवार खर्ची घालावा लागतो. तोही घातला. दुकानदार अगदी गोड बोलला, “ताई, आधी लाइट चांगली घ्या, बाकीचं सगळं मागाहून.” साडेचार हजार रुपये मोजून मी शंभर वॅटचा निळा-पांढरा एलईडी दिवा घेतला. निघताना तो हळू आवाजात म्हणाला, “पुढच्या वेळी या, जिवंत कोरलचा एक तुकडा काढून ठेवतो. कुणाला सांगू नका मात्र.” मला वाटले, भावात काही खास सूट देतोय! मी आपली खुशीत घरी आले.

दुसऱ्या दिवशी शाळेत मधल्या सुटीत ही हकिकत सांगितली, तेव्हा आमच्या विज्ञानाच्या बाईंनी डबा बाजूला ठेवला. “अहो, ते घेऊ नका. वाघाच्या कातड्याला जो कायदा, तोच प्रवाळाला आहे,” त्या म्हणाल्या. मला हसूच आले. पण घरी येऊन शोधले, तर बाईंचे म्हणणे खरे निघाले.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ-बिबट्यांच्या पंगतीत, २००१ साली प्रवाळांना बसवण्यात आले. दगडासारखा सांगाडा बांधणारी सर्व प्रवाळे, काळे प्रवाळ, समुद्रपंखा, शिवाय समुद्रघोडेसुद्धा. ती समुद्रातून काढणे आणि त्यांचा व्यापार करणे हा गुन्हा आहे, आणि त्याला तीन ते सात वर्षे कैद आणि वर दंड अशी शिक्षा आहे. कायदा किती कडक आहे याचे उदाहरण आपल्या मुंबईतच मिळते. किनारी रस्त्याच्या कामात हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरची प्रवाळे आड आली, तेव्हा २०२० साली वन्यजीव कायद्याखाली रीतसर परवानगी घेऊन, शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली ती दुसरीकडे हलवावी लागली. महापालिकेला जिथे परवानगी लागते, तिथे आपण पिशवीत तुकडा घालून लोकलने घरी यायचे म्हणजे काय!

दुकानदार कधी म्हणेल, “हे मऊ कोरल आहे, ह्याला कायदा नाही.” त्यातले कठीण कोणते नि मऊ कोणते, ते कुठून आले, हे तुम्हा-आम्हाला ओळखता येत नाही. जे ओळखता येत नाही आणि ज्याची पावती मिळत नाही, ते घरात आणू नये. सोन्याच्या बाबतीत आपण पाळतो तोच नियम.

आता तुम्ही म्हणाल, लेख दिव्याचा आणि ही बाई कायदा काय सांगत बसली! पण दोन्हींचा संबंध आहे. कुठल्याही टाकीसाठी दिवा घेण्याआधी एकच प्रश्न विचारायचा असतो : हा उजेड नक्की कोणाला हवा आहे?

माशाला उजेड लागतो तो दिवस-रात्र कळण्यापुरता. जास्त उजेड हवा असतो तो आपल्याला, मासा दिसावा म्हणून. पाणवनस्पतींना तो अन्न तयार करण्यासाठी लागतो, आपल्या कुंडीतल्या तुळशीसारखाच. प्रवाळाचे गणित मात्र वेगळे. प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या अंगात अतिशय बारीक शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. उजेड कमी पडला की घरमालक आणि भाडेकरू दोघेही उपाशी. समुद्रात खोल जावे तसा उजेडातला तांबडा रंग आधी विरतो आणि निळा सगळ्यात खोलवर पोहोचतो. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरएक किलोमीटरवर भर समुद्रात एक बुडालेले पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. तिथली प्रवाळे वीस मीटर आणि त्याहूनही खोल पाण्यात अशा निळसर उजेडातच जगतात. म्हणूनच प्रवाळांसाठी बनवलेले दिवे निळे, प्रखर आणि म्हणून महाग असतात.

शिवाय दिव्यावर खर्च थांबत नाही. प्रवाळांना पाणी साधारण २४ ते २७ अंशांचे लागते. ते फार तापले तर अंगातले शैवाल बाहेर टाकून ती पांढरी पडतात आणि तसेच राहिले तर मरतात. आपल्याकडे मे महिन्यात पंख्याखाली बसूनही जीव कासावीस होतो. म्हणजे पाणी थंड ठेवायला आणखी एक यंत्र हवे, जवळजवळ छोटा फ्रीजच. दर लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने खास समुद्री मीठ हवे, स्वयंपाकातले चालत नाही. ज्याला दिव्याची किंमत परवडली त्याला पुढचे परवडेलच असे नाही. आधी हत्ती घ्यायचा आणि मग साखळी शोधायची, अशातली गत!

ज्या घरात प्रवाळ येणारच नाही, त्या घराला प्रवाळांच्या दिव्याची गरज नाही, हे साधे सत्य मला साडेचार हजार घालवून कळले. तरी मी हट्टाने तोच दिवा आमच्या गोड्या पाण्याच्या टाकीवर लावला. पैसे दिलेत ना, मग वापरायला नको? रोज सकाळपासून रात्रीपर्यंत बारा तास. तीन आठवड्यांत पाण्याचा पालकाचा पातळ रस झाला. मासे आहेत की नाहीत हेही कळेना. प्रखर उजेड, मोजकीच झाडे आणि चिरंजिवांनी लाडाने घातलेले जास्तीचे खाणे, या तिन्हींवर शेवाळ पोसले गेले होते.

मग कोणता दिवा घ्यावा? टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच धरा. वरची थोडी जागा सोडली तर त्यात साधारण ५० लिटर पाणी मावते. कमी उजेडावर वाढणाऱ्या झाडांसाठी लिटरमागे १० ते २० लुमेन उजेड पुरतो. म्हणजे आपल्याला ५०० ते १,००० लुमेन हवेत. हा आकडा दिव्याच्या खोक्यावर छापलेला असतो. आपण नेहमी फक्त वॅट पाहतो; वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो ते, आणि लुमेन म्हणजे उजेड किती देतो ते. आता गंमत पाहा. आमच्या मोहोपाड्याच्या बाजारात विजेच्या सामानाच्या दुकानात मिळणारी दोन फुटी, दहा वॅटची साधी एलईडी ट्यूब हजाराच्या आसपास लुमेन देते, आणि तीही दोन-तीनशे रुपयांत. खोक्यावर ‘६५०० के’ किंवा ‘कूल डेलाइट’ लिहिलेले पाहून घ्यावे. तो पांढरा उजेड झाडांना चालतो आणि माशांचे रंगही छान दिसतात. पिवळसर उजेडाची ट्यूब घेतली तर पाणी चहासारखे दिसते.

खर्चाचा हिशेबही मांडून पाहिला. शंभर वॅटचा दिवा रोज दहा तास जळला तर दिवसाला एक युनिट, महिन्याला ३० युनिटे. दहा वॅटची ट्यूब रोज आठ तास जळली तर महिन्याला अडीच युनिटेसुद्धा होत नाहीत. युनिटला दहा रुपये धरले तर एकीकडे तीनशे रुपये आणि दुसरीकडे चोवीस. दुधाच्या एका पिशवीच्या आसपास पैशांत महिनाभर उजेड! हा हिशेब मी घरी वाचून दाखवला, तेव्हा ‘हे’ पेपरमागून नुसतेच “हं” म्हणाले. त्या “हं”चा अर्थ तुम्हाला सांगायला नकोच.

झाडे घ्यायची ती जावा फर्न, जावा मॉस, अनुबियास, व्हॅलिसनेरिया अशी. यांचे फार लाड करावे लागत नाहीत. जावा फर्न आणि अनुबियासची मुळे वाळूत गाडू नयेत, दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधावीत. मासे म्हणाल तर गप्पी, मॉली, किंवा आपल्याकडच्या ओढ्या-नद्यांतला मूळचा पट्टेरी झेब्रा मासा.

आणि मुलाला निमोच हवा असेल तर? तोही मार्ग बंद नाही. क्लाऊनफिश आता माणसाच्या हाताखाली, टाकीत अंड्यांपासून वाढवता येतो. आपल्या नवी मुंबईत ऐरोलीलाही असे काम झाले आहे. असा टाकीतच वाढलेला मासा, पावती घेऊन, प्रवाळांशिवाय, मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या देखाव्यात ठेवता येतो. त्याला प्रवाळ लागत नाही. पण त्यासाठी खाऱ्या पाण्याची कसरत रोज करावी लागते, म्हणून गोड्या पाण्यात वर्षभर हात बसल्यावरच तिकडे वळावे. लक्षात घ्या, त्या टाकीलाही साधी दहा-वीस वॅटची ट्यूब पुरते. निळी छटा हवीच असेल तर सोबत एक छोटी निळी पट्टी संध्याकाळी तासभर लावावी.

आता दिवा लावताना घ्यायची काळजी. पाणी आणि वीज शेजारी आली की गृहिणीने डोळ्यांत तेल घालून पाहावे.

एक : घरातली साधी ट्यूब पाण्यासाठी बनवलेली नसते. टाकीवर काचेचे झाकण हवेच, आणि ट्यूब झाकणाच्या वर, पक्क्या आधारावर बसवावी. पाण्याचे शिंतोडे उडण्यासारखे असतील तर थोडे जास्त पैसे देऊन ‘आयपी ६५’ लिहिलेला, पाणी न शिरणारा दिवा घ्यावा.

दोन : वायर सॉकेटच्या खालपर्यंत झुकवून मग वर न्यावी. वायरवरून ओघळलेला थेंब त्या झोळात खाली पडतो, सॉकेटमध्ये शिरत नाही.

तीन : तीन पिनांचे, अर्थिंग असलेले सॉकेटच वापरावे. घरच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर वायरमनकडून बसवून घ्यावा. हा खर्च माशांसाठी नाही, मुलांसाठी आहे.

चार : टाकीत हात घालण्याआधी सगळे खटके बंद. मुलांना पहिला धडा हाच शिकवावा.

पाच : दिव्याला टायमर लावावा. पहिला महिना रोज सहाच तास, मग झाडे रुजली की आठ. शेवाळ दिसू लागले की पुन्हा सहावर यावे, खाणे कमी करावे आणि आठवड्याला पाव भाग पाणी बदलावे. मुले शाळेतून येतात त्या वेळेपासून रात्रीपर्यंतचे तास ठेवले तर त्यांना टाकी पाहायलाही मिळते. सकाळी रिकाम्या घरात दिवा कोणासाठी जाळायचा?

सहा : टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नये. फुकटचा उजेड म्हणून मोह होतो, पण त्याने पाणी तापते आणि शेवाळ माजते.

सात : पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते, तेव्हा दिव्याची काळजी करू नये. एक-दोन दिवस अंधार झाल्याने मासे मरत नाहीत. इन्व्हर्टरवर घ्यायचा तो हवेचा पंप. नाहीतर सेलवर चालणारा छोटा पंप घरात ठेवावा.

आमच्या टाकीवर आता दहा वॅटची ट्यूब आहे. झाडे वाढली, पाणी निवळले. मोठा दिवा माळ्यावर आहे. दुकानदाराने तो परत घेतला नाही, आणि ती माझ्या घाईची फी म्हणून मी खात्यावर लिहून टाकली. प्रवाळांचे मात्र चिरंजीव विसरले नव्हते. दिवाळीच्या सुटीत आम्ही मालवणला गेलो. तिथला समुद्राचा भाग १९८७ सालापासून अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ वाटाड्याबरोबर, तोंडाला नळी लावून तो पाण्यात उतरला. वर आला तो दात वाजवतच, पण बोलायचे थांबेना. “आई, ती तेवढी रंगीत नाहीत गं. पण खूऽप आहेत!” घरी आल्यावर त्याने पुन्हा प्रवाळ मागितले नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलांची हौस जरूर पुरवा. पण आधी टाकीत कोण राहणार ते ठरवा, मग त्याला बेतशीर दिवा घ्या आणि खोक्यावरचे आकडे स्वतः वाचा. आणि दुकानदार हळू आवाजात बोलू लागला की पर्सचे बटण लावून सरळ बाहेर पडा.