आलेखाची लांबी-रुंदी

रायफलीने पाच गोळ्या झाडल्या आणि लक्ष्यावरची छिद्रे आडवी ४ सेंटीमीटर, उभी १२ सेंटीमीटर पसरली, असे समजा. उस्ताद एका नजरेत सांगतील : नेम डावी-उजवीकडे नाही, वर-खाली हलतोय, श्वासाकडे लक्ष दे. आता हीच मापे ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत भरा आणि ‘प्लॉट’ची आज्ञा द्या. छिद्रे चौकटभर दोन्ही दिशांना सारखीच पसरलेली दिसतात. आकडे बरोबर, पण दोष गायब!

वेगळे सांगितले नाही तर ‘आर’ प्रत्येक अक्ष स्वतंत्रपणे ताणून चौकट भरते. ४ सेंटीमीटरला जेवढी जागा, जवळपास तेवढीच १२ ला. म्हणून दोन्ही अक्षांवर एकच एकक असेल तर ‘एएसपी = १’ लिहायचे; ‘जीजीप्लॉट२’ वापरणाऱ्यांसाठी ‘कोऑर्ड फिक्स्ड’ आहे. मग उभी रांग उभीच दिसते.

नकाशावाचन शिकलेल्यांनी मात्र सावध राहावे. अक्षांश-रेखांश दोन्ही अंशांतच असले तरी जमिनीवर ते सारखे नसतात. डेहराडूनजवळ, सुमारे ३० अंश उत्तरेला, रेखांशाचा एक अंश अक्षांशाच्या अंशाच्या ०.८७ पट भरतो. क्रॉस कंट्रीचा मार्ग काढताना तिथे १ ऐवजी १.१५ द्यावा लागतो.

एकके वेगळी असली, म्हणजे आडवी वर्षे आणि उभी संख्या, तर प्रमाण आपणच ठरवायचे. विल्यम क्लीव्हलँड यांचा सल्ला असा, की रेषांचे चढ-उतार साधारण ४५ अंशांच्या आसपास दिसावेत. त्यांचे गाजलेले उदाहरण सूर्यावरील डागांचे. ‘आर’मध्ये १७४९ ते १९८३ ची ही मासिक नोंद तयारच मिळते. चौकोनी आलेखात नुसते सुळके दिसतात. तोच आलेख लांबट, बुटका करा; डाग झपाट्याने वाढतात आणि सावकाश ओसरतात, हे लगेच दिसते. करून पाहाच.

राहिला छपाईचा आकार. अक्षरांचे माप पॉइंटमध्ये ठरलेले असते, चित्राबरोबर ते आपोआप वाढत नाही. १० इंच रुंद जतन केलेला आलेख मासिकाच्या ५ इंचांत बसवला की ११ पॉइंटची अक्षरे साडेपाचची होतात आणि आजी-आजोबांना भिंग शोधावे लागते. छापायची रुंदी आधी विचारून घ्यावी आणि ‘जीजीसेव्ह’ला तीच द्यावी.