रेशमाचा एक टाका

ऑपरेशन नीट पार पडतं, आणि चार दिवसांनी टाके पिकतात. असं का होतं, याचं मला थक्क करणारं उत्तर १९५७ सालच्या एका प्रयोगात सापडलं. लंडनमध्ये एलेक आणि कोनेन या संशोधकांनी स्वतःहून पुढे आलेल्या माणसांच्या कातडीत स्टॅफिलोकॉकस जंतू टोचले. पू व्हायला दहा लाखांहून जास्त जंतू लागत. त्याहून कमी असले तर शरीरच त्यांचा निकाल लावी. मग कातडीत रेशमाचा टाका घालून पाहिलं. आता शंभर जंतू पुरले!

फक्त शंभर. जंतू तेच, कातडी तशीच, वाढला तो एक धागा. रेशीम काही विषारी नव्हे. पण त्यात रक्त खेळत नाही, आणि जंतूंना चिकटायला जागा मिळते. चिकटले की ते स्वतःभोवती बुळबुळीत थर धरतात, न घासलेल्या माठाच्या आत धरतो तसा. त्या थरात पांढऱ्या पेशींचं फारसं चालत नाही, अँटिबायोटिकचंही नाही. बसवलेल्या कृत्रिम सांध्यात जंतू शिरले तर कित्येकदा अख्खा सांधाच काढावा लागतो, तो यामुळेच.

आणि हे जंतू बहुतेकदा पेशंटच्याच अंगावरचे असतात. कातडी कितीही पुसली तरी केसांच्या मुळाशी थोडे उरतातच. म्हणून मला वाटतं, खरा प्रश्न जखमेत जंतू गेले का हा नाही. त्यांना बस्तान मांडायला वेळ मिळाला का, हा आहे. १९६१ साली जॉन बर्क यांनी गिनीपिगांवर हेच दाखवलं: जंतू शिरण्याच्या सुमारास दिलेलं अँटिबायोटिक उत्तम लागू पडलं, तीन तास उशिरा दिलेलं जवळजवळ वाया गेलं. चिरा देण्याआधीच्या तासाभरात इंजेक्शन देतात, ते उगाच नव्हे.

मला सगळ्यात लोभस वाटतो तो व्हिएन्नातला १९९६ सालचा अभ्यास. भूल दिली की अंग गार पडतं, कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला प्राणवायू कमी पोचतो, आणि त्याविना पांढऱ्या पेशी जंतूंपुढे दुबळ्या पडतात. आतड्याच्या ऑपरेशनच्या २०० पेशंटांपैकी जे गार पडले त्यांच्यातल्या १९ टक्क्यांच्या जखमा चिघळल्या. ज्यांना ऊब दिली त्यांच्यात फक्त ६ टक्क्यांच्या. दोन्ही गटांच्या तापमानात फरक होता जेमतेम दोन अंशांचा.