‘यंदा अंक आणू नकोस!’

नवरात्र संपलं की आमच्या कर्वेनगरात एक वेगळीच सकाळ सुरू होते. पाऊस परतीला लागलेला असतो, आकाश धुतल्यासारखं निळं आणि सोसायटीच्या कुंपणाशी प्राजक्ताचा सडा. दुपारी मात्र ऑक्टोबर हिट असं काही तापतं की विचारू नका! मग घरात पंख्याखाली बसून करायची कामं निघतात. कामट्या तासणं, भाजणीची धान्यं निवडणं, आणि हो, वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेचे पैसे भरणं. आमच्या घरात ही तिन्ही खाती माझ्या सासूबाईंची. अगदी गेल्या वर्षापर्यंत!

यंदा गणपती उठले आणि त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू नाही, डोळ्याचा पडदा झिजलाय. चष्मा बदलून उपयोग नाही. कडेकडेचं दिसतं, पण जिथं नजर रोखावी तिथं नेमका धुरकट ठिपका. म्हणजे माणूस चालू-फिरू शकतं, पण अक्षर वाचू शकत नाही.

आई काही बोलल्या नाहीत. कोजागरीला दूध आटवलं, सगळ्यांना दिलं आणि सहज सांगावं तसं म्हणाल्या, ‘‘यंदा अंक आणू नकोस. उगाच पैसे कशाला घालवायचे?’’

माझ्या पोटात कसंसंच झालं. कारण आईंचं आणि वाचनाचं नातं मला ठाऊक होतं. त्या मूळच्या कोकणातल्या. वडील लवकर गेले, तेव्हा मामांनी त्यांना इथं हिंगण्याच्या आश्रमशाळेत आणून ठेवलं. अण्णा कर्व्यांनी 1896 साली विधवांसाठी आश्रम काढला आणि 1900 मध्ये तो गावाबाहेर, या हिंगण्याच्या माळावर आणला, एका झोपडीत. तेव्हा पुण्यातून इथं यायला धड रस्ताही नव्हता. कॉलेजात शिकवून अण्णा चिखल तुडवत चालत यायचे. आज त्याच हिंगण्याला आपण कर्वेनगर म्हणतो आणि रिक्षा मिळाली नाही म्हणून कुरकुरतो! 1958 मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, अण्णांना भारतरत्न मिळालं, तेव्हा आई तिथं शाळेत होत्या. ‘‘इथं आले नसते तर अक्षरओळख झाली असती, पण पुस्तक हातात आलं नसतं,’’ असं त्या नेहमी म्हणतात. अशा बाईनं ‘अंक आणू नकोस’ म्हणावं?

खरं सांगू? मीही तेव्हा ‘बरं’ म्हणून मोकळी झाले. ऑफिसची धावपळ, लेकीची नववी. फराळ विकतचा, कंदील विकतचा, अंक नाहीत. मनात म्हटलं, सुटलो!

पण लेकीला शाळेत प्रकल्प मिळाला, आकाशकंदिलाचा. ती कामट्या घेऊन आजीपाशी बसली. ‘‘आजी, तू नुसतं सांग, मी करते.’’ आजीनं सांगितलं, पण पाच मिनिटांत कामट्या तिच्याच हातात गेल्या! वीतभर लांबीच्या एकसारख्या 24 कामट्या. चार-चारचे सहा चौकोन. ते कोपऱ्याला कोपरा लावून बांधायचे, एक वर, एक खाली आणि चार मध्ये, टोकावर उभे. की झाला सांगाडा! मधले आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. गाठी मारायला आजीला डोळे लागलेच नाहीत. बोटांनी कामटीची लांबी अजमावत, ‘‘ही जरा मोठी आहे गं, तास,’’ असं त्या म्हणत होत्या. लेकीनं पट्टीनं मोजलं, तर खरंच दोन मिलिमीटर जास्त! खळ शिजली, पतंगाचा कागद चिकटला, झिरमिळ्या लागल्या. एक बाजू जरा सुरकुतली, पण असू दे.

त्या रविवारी मी निमूटपणे भाजणी काढली. चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ, अर्धी मूग डाळ, शिवाय धने-जिरे. सगळं धुऊन सावलीत वाळवलेलं. प्रत्येक जिन्नस वेगळा आणि मंद आचेवर भाजायचा. मी फोनवर बोलत उलथनं फिरवत होते, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आवाज आला, ‘‘अगं, उडीद डाळ झाली, काढ! करपेल.’’ वासावरून! चकल्यांच्या वेळी त्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या. जितकी भाजणी तितकं पाणी, मोहन बेताचं. जास्त झालं तर चकली तेलात विरते, कमी झालं तर दातांची परीक्षा. पहिली चकली त्यांनी कानाजवळ नेऊन मोडली आणि म्हणाल्या, ‘‘जमली.’’

त्या संध्याकाळी मी वाचनालयात जाऊन पैसे भरून आले. घरी पिशवीतून अंक काढले, तर आई गप्प. मग हळूच एक अंक उचलून त्यांनी नाकाशी नेला. नव्या शाईचा वास!

‘‘वाचणार कोण?’’ त्यांनी विचारलं.

‘‘ही वाचेल,’’ मी लेकीकडं बोट दाखवलं. तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला! इंग्रजी माध्यमातली पोरगी. मराठी वाचते, पण अडखळत. पहिल्या दिवशी एका पानाला वीस मिनिटं लागली. ‘अनभिज्ञ’वर गाडी अडली, जोडाक्षरांवर घसरली. आजी न चिडता शब्द सुधारत होती, अर्थ सांगत होती. चौथ्या दिवशी मात्र मी स्वयंपाकघरातून ऐकलं, कथा ऐन रंगात आली होती आणि लेक म्हणत होती, ‘‘आजी, अजून दोनच पानं, प्लीज!’’

का. र. मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी घरांना फराळासोबत वाचायची सवय लागली. शंभराहून जास्त वर्षं झाली. कितीतरी घरांत आजही एक जण वाचतो आणि बाकीचे निवडता-टिपता ऐकतात.

आईंचे डोळे बरे होणार नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. रात्री कधी त्या अंक उघडून तिरक्या नजरेनं ओळ पकडायचा प्रयत्न करतात आणि मिटून ठेवतात. ते पाहवत नाही. पण सकाळी चहा झाला की त्यांची हाक येते, ‘‘अगं, अनुक्रमणिका वाच आधी. काय वाचायचं ते मी ठरवणार!’’

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात असं कुणी मुकाट अंक मिटून ठेवत असेल. या दिवाळीत अर्धा तास काढा. चकली मोडता मोडता दोन पानं मोठ्यानं वाचा. आणि हो, अनुक्रमणिका आधी!