पच्चीस हजार

'गॅसवाल्यांचं आंदोलन परदेशी पैशावर चालतं.' हे वाक्य मी पुण्यात ऐकलं, मुंबईत ऐकलं आणि भोपाळला उतरल्यावर रिक्षातही ऐकलं. पैसा परदेशी असेल, तर तो जातो कुठे हे पाहावं म्हणून बेरसिया रस्त्यालगतच्या चिंगारी पुनर्वसन केंद्रात गेले.

सकाळी गाडी वस्त्यांमधून मुलांना घेऊन येते. आईवडील गॅसग्रस्त, किंवा कारखान्याभोवतीचं दूषित पाणी वर्षानुवर्षं प्यायलेले, अशा घरांतली ही मुलं. कुणी वाचा-उपचाराला जातं, कुणी विशेष शिक्षिकेकडे, कुणी व्यायामाला. मी व्यायामाच्या खोलीत बसले आणि तिथून उठवेना.

रेक्झिनच्या गादीवर आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा उताणा झोपला होता. सेरेब्रल पाल्सीमुळे त्याच्या पोटऱ्या कायम आवळलेल्या, टाचा वर ओढलेल्या. थेरपिस्ट बाईंनी डाव्या हाताने गुडघा सरळ धरून ठेवला, उजव्या तळहातात टाच घेतली आणि मनगटाच्या आतल्या बाजूने तळपायाला रेटा देत पाऊल सावकाश नडगीकडे वळवलं. तिथेच थांबल्या, मनात तीस मोजत. असा स्नायू घाई सहन करत नाही, झटका बसला की आणखी आवळतो. सोडलं, पुन्हा धरलं. मग त्यांनी शेजारी बसलेल्या आईचा हात ओढून टाचेवर ठेवला, कारण घरी हे तिलाच करायचं. तिने पाऊल भरकन वर ढकललं, तसा मुलगा कळवळला. "जल्दी नहीं," बाई म्हणाल्या, आणि आपला हात तिच्या हातावर ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

नंतर ती आई माझ्याशी बोलली. गॅस लागला तो तिच्या अम्मीला. "पच्चीस हज़ार मिले थे, दीदी." किती दिवस पुरले, असं विचारल्यावर ती नुसती हसली. त्या दिवशी ज्या ज्या बाईशी बोलले, तिच्या तोंडी हाच आकडा आला. पच्चीस हजार.

हा आकडा कुठून आला ते सांगायलाच हवं. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटला. फेब्रुवारी 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयात 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली, तीही पीडितांना न विचारता. बहुतेकांच्या वाट्याला त्यातून पंचवीस हजार रुपये आले. त्याच न्यायालयाच्या 2004 च्या आदेशानंतर तेवढेच आणखी मिळाले. आयुष्यभराच्या धापेची ही भरपाई.

त्याच 2004 साली गॅसपीडितांसाठी लढणाऱ्या रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या रिचर्ड आणि ऱ्होडा गोल्डमन या धनाढ्य जोडप्याने तो सुरू केलेला. ऱ्होडा या लेव्हाय स्ट्रॉस जीन्सच्या घराण्यातल्या. पुरस्काराची रक्कम सव्वा लाख डॉलर होती. दोघींनी ती घरी नेली नाही, त्यातून चिंगारी ट्रस्ट उभा केला. म्हणजे परदेशी पैसा इथे आहे, आणि तो ती टाच धरून तीस मोजतो आहे.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्या पैशाचं येण्याचं वर्ष. सरकारने गॅसपीडित बायकांना स्टेशनरी बनवायच्या कामाला लावलं. तुटपुंज्या मजुरीविरुद्ध या दोघींनी 1986 मध्ये तिथेच संघटना बांधली. 1989 मध्ये त्या बायकांना घेऊन भोपाळहून दिल्लीला चालत गेल्या. 2002 मध्ये दिल्लीत उपोषणाला बसल्या. यातल्या कशालाही गोल्डमन यांचा डॉलर लागलेला नव्हता. मागण्या ठरल्या होत्या, पाय झिजले होते, त्यानंतर पैसा आला. देणगीदाराने लढा विकत घेतला असं म्हणणाऱ्याने आधी ही वर्षं लावून पाहावीत.

देणगीची भीती खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. भोपाळमध्येच ती बाळगणारा मोठा माणूस होऊन गेला. अब्दुल जब्बार, सगळ्यांचे जब्बारभाई, परदेशी पैसा घ्यायचेच नाहीत. त्यांच्या गॅसपीडित महिला उद्योग संघटनेची बैठक शाहजहानी पार्कात दर शनिवारी भरायची आणि त्यांची घोषणा होती, 'खैरात नहीं, रोज़गार चाहिए.' ही निष्ठा त्यांना महाग पडली. 2019 मध्ये अखेरच्या आजारात उपचारांसाठी मित्रांना मदतीचं आवाहन करावं लागलं. 14 नोव्हेंबरला ते गेले, पद्मश्री मरणोत्तर आली. त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. पण त्यांच्या संघटनेसारखं शिवणकाम शिकवायला पुरेल तेवढा पैसा वर्गणीतून उभा राहतो, रोज गाडी भरून मुलं आणायला आणि थेरपिस्टच्या पगाराला तो पुरत नाही.

आणि पैशाने राजकारण वळवण्याचंच बोलायचं, तर दुसऱ्या बाजूचं बोला. युनियन कार्बाइड 2001 मध्ये विकत घेणाऱ्या डाऊ केमिकलने 2007 मध्ये अमेरिकी शेअर बाजार नियामकाकडे 3 लाख 25 हजार डॉलर दंड भरला. ठपका असा होता, की तिच्या मुंबईतल्या उपकंपनीने कीटकनाशकांच्या नोंदणीसाठी वगैरे भारतीय अधिकाऱ्यांना सुमारे 2 लाख डॉलर चारले. आरोप मान्य किंवा अमान्य न करता डाऊने प्रकरण मिटवलं. या पैशाला कुणी 'परदेशी पैशावरचं आंदोलन' म्हणत नाही.

कायद्याचंही तेच. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर संस्थांना परदेशी देणगी फक्त दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत घ्यावी लागते आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली. उलट दिल्ली उच्च न्यायालयाने 2014 मध्ये भाजप आणि काँग्रेस दोघांनाही परदेशी कंपनीच्या पैशाबद्दल दोषी धरल्यावर 2016 आणि 2018 च्या वित्त कायद्यांतून 'परदेशी स्रोता'ची व्याख्याच बदलली, तीही थेट 1976 पासून. पक्षांना मागच्या चार दशकांची माफी आणि दवाखान्यांना पै-पैची झडती, हा अन्याय आहे.

भरपाई वाढवून मागणारी केंद्र सरकारची याचिका सर्वोच्च न्यायालयाने 14 मार्च 2023 रोजी फेटाळली. त्या आईच्या अम्मीचा हिशोब तिथेच थांबला. भोपाळला गेलात तर एक सकाळ बेरसिया रस्त्यासाठी ठेवा आणि अशा केंद्राला जमेल तेवढे रुपये द्या. परदेशी पैसा खुपत असेल, तर आपला पैसा देणं हाच त्यावरचा उपाय आहे.